दानाचे मौन आणि दानाची वाणी

देवदर्शनासाठी पायऱ्या चढणाऱ्या भाविकाची दृष्टी कळसाकडे लागलेली असते. पाऊल मात्र पुष्कळदा कोणाच्या तरी नावावर पडत असते. महाराष्ट्रातील बहुतेक तीर्थक्षेत्री पायऱ्यांवर, सभामंडपाच्या फरशीवर, धर्मशाळेच्या दारांवर, इतकेच नव्हे तर पाणपोईच्या कट्ट्यावरही देणगीदारांची नावे कोरलेली आढळतात. कोणी वडिलांच्या स्मरणार्थ पायरी बांधून दिलेली असते, कोणी मातोश्रींच्या नावे खोली दिलेली असते. त्याच मंदिरात गाभाऱ्यासमोर दानपेटी असते. एखादी वृद्धा पदराची गाठ सोडून घडी घातलेली दहा रुपयांची नोट तीत टाकते, हात जोडते आणि गर्दीत दिसेनाशी होते. तिची पावती फाडली जात नाही आणि तिचे नाव कोणत्याही पाटीवर लागत नाही.

या दोन्ही दानांकडे पाहून विचारी भाविकाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. दान गुप्त असावे की प्रकट? या हाताचे त्या हाताला कळू देऊ नये, ही शिकवण घरोघरी दिली जाते. परंतु प्रत्येकाने मौन धरले, तर कोठे काय उणे आहे आणि कोणाला कशाची गरज आहे, हे समाजाला कळणार तरी कसे? सत्कार्याचा प्रसार बोलल्याशिवाय होत नाही, आणि बोलू लागले की अहंकार डोके वर काढतो. ही अडचण केवळ तात्त्विक नाही. दररोजच्या व्यवहारात प्रत्येक दात्याला आणि प्रत्येक संस्थेला तिला तोंड द्यावे लागते.

मौनाची महती

आपल्या धर्मग्रंथांचा कल प्रथमदर्शनी मौनाकडे दिसतो. महाभारताच्या आदिपर्वातील ययातीची कथा सर्वश्रुत आहे. पुण्याईच्या बळावर हा राजा स्वर्गास गेला. तेथे इंद्राने त्याला प्रश्न केला असता, तपश्चर्येत आपली बरोबरी करणारा कोणी नाही, असे तो बोलून गेला. त्या एका आत्मस्तुतीने त्याचे पुण्य क्षीण झाले आणि तो स्वर्गातून खाली कोसळला. त्याने केलेले सत्कर्म खोटे नव्हते. ते स्वतःच्या मुखाने, स्वतःच्या मोठेपणासाठी सांगणे हा त्याचा दोष होता.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, कर्तव्य म्हणून दिलेले ते सात्त्विक दान होय. मोबदल्याची आशा धरून किंवा मनात कुढत दिलेले दान राजस, आणि घेणाऱ्याचा अवमान करून दिलेले दान तामस मानले आहे. येथे रकमेचा उल्लेख कोठेही नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लाख रुपयांचे दान तामस असू शकते आणि मूठभर तांदळाचे दान सात्त्विक असू शकते.

तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला निरोप देताना दानाविषयी जो उपदेश करतात, त्यात देणाऱ्याच्या ठायी श्रद्धेबरोबर लज्जाही असावी, असे सुचविले आहे. देणाऱ्याने का लाजावे, असे आजच्या वाचकाला वाटेल. घेणाऱ्याने संकोच करणे समजू शकते. देणाऱ्याला संकोच कसला? परंतु थोडा विचार करता त्यातील मर्म कळते. आपल्यापाशी जे अधिक आहे, ते केवळ आपल्या कर्तृत्वाने आलेले नसते. पिकविणारे, शिकविणारे, राबणारे अशा अनेकांचा हात त्याला लागलेला असतो. आणि आपल्यासारख्याच एका माणसाला आपल्यापुढे हात पसरावा लागत आहे, ही घटनाच संवेदनशील मनाला खाली पाहावयास लावणारी आहे. ही लाज दात्याचे संरक्षण करते आणि घेणाऱ्याचेही.

आज या संरक्षणाची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे. शाळेत वह्यांचे वाटप होते. मुलांना रांगेत उभे केले जाते. एका हातात वही आणि दुसऱ्या बाजूस दाता अशा स्थितीत छायाचित्र घेतले जाते, आणि काही क्षणांत ते गावभरच्या मोबाईलवर पोहोचते. वही वर्षअखेरीस संपते. परंतु ते छायाचित्र त्या मुलाचा पाठलाग सोडत नाही. आपण गरीब आहोत हे त्याला पूर्वी घरात ठाऊक होते, आता ते सर्व वर्गाला ठाऊक झालेले असते. वहीची किंमत त्या बालकाने आपल्या स्वाभिमानाने चुकती केली, असाच याचा अर्थ होतो. अशा दानात घेणाऱ्याकडून काहीतरी काढून घेतले जाते, आणि म्हणूनच ते दान उरत नाही.

मुंगसाची साक्ष

मौनाची बाजू इतकी भक्कम असतानाही महाभारतातीलच दुसरी एक कथा विचाराला वेगळी दिशा देते. युधिष्ठिराचा अश्वमेध यज्ञ थाटाने पार पडला. दानधर्माची सर्वत्र वाहवा चालली होती. इतक्यात अर्धे अंग सोन्याचे असलेले एक मुंगूस तेथे आले आणि हा यज्ञ कुरुक्षेत्रातील एका गरीब ब्राह्मणाच्या शेरभर सातूचीही बरोबरी करू शकत नाही, असे त्याने भरसभेत सांगितले.

तो ब्राह्मण शेतात सांडलेले दाणे वेचून कुटुंबाचा निर्वाह करीत असे. दुष्काळात उपास घडत असताना एके दिवशी थोडे सातूचे पीठ मिळाले. चौघांनी वाटून घेतले, तोच दारी अतिथी आला. ब्राह्मणाने आपला वाटा दिला. अतिथीची भूक भागेना, म्हणून पत्नीने दिला, मग मुलाने आणि अखेरीस सुनेनेही आपला वाटा पुढे केला. त्या जागी सांडलेल्या पिठाच्या कणांत मुंगूस लोळले आणि त्याचे अर्धे अंग सोन्याचे झाले. उरलेले अर्धे सोन्याचे व्हावे म्हणून ते यज्ञामागून यज्ञ हिंडत राहिले, परंतु तसे पीठ त्याला पुन्हा कोठेही आढळले नाही.

दानाचे मोल किती दिले यावर ठरत नाही, देऊन मागे किती उरले यावर ठरते, हा या कथेचा बोध सर्वांना ठाऊक आहे. त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. त्या ब्राह्मण कुटुंबाने आपल्या दानाविषयी कोणाला काहीही सांगितले नाही. तरीही ही कथा हजारो वर्षे आपल्यापर्यंत पोहोचली, ती का? मुंगूस बोलले म्हणून. दाता मौन राहिला आणि साक्षीदाराने तोंड उघडले. ययाती स्वतःविषयी बोलला आणि पडला. मुंगूस दुसऱ्याविषयी बोलले आणि एका मोठ्या सम्राटालाही विचार करावयास लावून गेले. प्रारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर या दोन कथांच्या मध्ये सापडते. बोलणे वर्ज्य नाही. पाहावयाचे आहे ते इतकेच की, बोलणारा कोणाविषयी बोलतो.

ज्यांनी इतरांसाठी वाणी झिजविली

महाराष्ट्राच्या अलीकडील इतिहासात याची उज्ज्वल उदाहरणे आढळतात. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मातीचे गाडगे एवढ्याच संपत्तीनिशी गावोगाव फिरले. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तन करावे, हा त्यांचा क्रम. कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, मुलांना शिकवा, जिवाची हत्या करू नका, शिवाशीव पाळू नका, हे त्यांच्या कीर्तनाचे विषय होते. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा क्षेत्री यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. परंतु त्यांवर आपल्या आप्तांचा हक्क लागू दिला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. ज्या पुरुषाने स्वतःविषयी बोलण्याचे टाळले, त्याची वाणी दुसऱ्याच्या गरजेविषयी रात्र रात्र थकली नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) हे दुसरे उदाहरण. ते स्वभावाने मितभाषी व संकोची होते. परंतु १८९६ मध्ये विधवा स्त्रियांसाठी आश्रम काढल्यानंतर त्यांना संकोच बाजूस ठेवावा लागला. महाविद्यालयात गणित शिकवावे, पुण्याहून हिंगण्याच्या आश्रमापर्यंत पायी जावे आणि सुटीच्या दिवसांत वर्गणीसाठी दारोदार फिरावे, असा त्यांचा आयुष्यक्रम झाला. सत्तरी उलटल्यावरही स्त्रीशिक्षणाच्या कार्याची माहिती देण्यासाठी त्यांनी परदेशांचा प्रवास केला. त्यांनी १९१६ मध्ये स्थापिलेल्या महिला विद्यापीठास १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली. त्या विद्यापीठाला ठाकरसी यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव देण्यात आले, आणि त्या नावाच्या छत्राखाली पुढे असंख्य मुली पदवीधर झाल्या.

यावरून नावाची पाटी ही सर्वस्वी निंद्य गोष्ट आहे, असेही म्हणता येत नाही. कार्ले येथील प्राचीन चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांचे लेख आजही आहेत. त्यांत एका सुताराचा आणि सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या एका व्यापाऱ्याचाही उल्लेख आहे. ते लेख नसते, तर ते लेणे केवळ राजांच्या औदार्याने घडले, असा समज झाला असता. सामान्य माणसाचाही वाटा त्यात होता, हे त्या कोरलेल्या अक्षरांनीच सांगितले. नाव जर मागून येणाऱ्याला ‘आपणही काही करावे’ असे सुचवीत असेल, तर ते उपकारक आहे. नाव जर कार्यालाच झाकू लागले, किंवा घेणाऱ्याला दररोज त्याच्या उपकृततेची आठवण करून देऊ लागले, तर ते न लागलेलेच बरे.

थेंबाचे सामर्थ्य

मोठी देणगी देणे सर्वांना शक्य नसते. म्हणून ‘आपल्या दहा रुपयांनी काय होणार’ ही शंका सामान्य भाविकाच्या मनात येते. या शंकेचे निरसन महाराष्ट्राने कृतीने केलेले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून पैसाफंड उभा राहिला. प्रत्येकाने एक पैसा द्यावा, एवढेच त्याचे मागणे होते. आणि तेव्हा एका रुपयाचे चौसष्ट पैसे होत. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेस पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसाफंडाचा काचकारखाना सुरू झाला. देशी तरुणांना काचेचे काम शिकविणारी ही संस्था पैशापैशाने उभी राहिली.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचा ‘मुष्टिफंड’ही असाच. दळणकांडण करताना गृहिणीने मूठभर धान्य बाजूस काढावे आणि ते वसतिगृहातील मुलांसाठी द्यावे, अशी ती रीत होती. ज्या घरात रोख पैसा दिसत नसे, त्या घरातील स्त्रीलाही या रीतीने शिक्षणाच्या कार्यात भागीदार होता आले. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी तर वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. मुठीच्या दानाने मुलाचे पोट भरतेच. शिवाय मूठ काढणाऱ्या हातालाही रोज देण्याची सवय लागते. वर्षातून एकदा दिलेल्या मोठ्या रकमेने ही सवय लागतेच असे नाही.

मौन जेथे दोष ठरते

काही दाने अशी आहेत की, तेथे मौन पाळले तर दानच घडत नाही. नेत्रदान हे त्याचे ठळक उदाहरण होय. नेत्रदानाचे संकल्पपत्र भरून कपाटात ठेवले आणि घरी सांगितले नाही, तर तो संकल्प व्यर्थ जातो. कारण मृत्यूनंतर संमती द्यावयाची असते ती नातेवाइकांनी. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्र काढून घेतले जावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला तातडीने कळवावे लागते. तोपर्यंत पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीने किंचित उंच करावे आणि पंखा बंद ठेवावा. वय अधिक आहे, चष्मा आहे किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, एवढ्याने नेत्रदानास बाधा येत नाही. ही माहिती शोकाकुल घरात त्या क्षणी कोणाला आठवणार? ती आधी, सुखाच्या दिवसांत, जेवताखाता सहज बोलली गेली असेल तरच आठवते. येथे दात्याने स्वतःविषयी बोलणे हा अहंकार ठरत नाही, कारण तो आपला मोठेपणा सांगत नसून आपली इच्छा सांगत असतो.

रुग्णालयांच्या बाबतीतही हेच घडते. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना एकूण खाटांपैकी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी ठरविली जाते. त्यासाठी शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला अशी कागदपत्रे लागतात. रुग्णालयातील समाजसेवा विभागात अथवा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात याची चौकशी करता येते. पुष्कळ गरीब कुटुंबांना हे ठाऊक नसते आणि ती शेतीचा तुकडा गहाण टाकून उपचार करतात. अशा कुटुंबाला ही एक गोष्ट वेळेवर सांगणे आणि त्यांच्याबरोबर त्या खिडकीपर्यंत चालत जाणे, यात सांगणाऱ्याचा एक रुपयाही खर्च होत नाही. परंतु एका घराची जमीन वाचू शकते. माहिती हेही दानच आहे, आणि जाणीवपूर्वक लपविलेली किंवा आळसाने न सांगितलेली माहिती ही एक प्रकारची कृपणताच म्हटली पाहिजे.

नित्याचे मार्ग

सत्कार्याला हातभार लावण्यासाठी विशेष प्रसंगाची वाट पाहावी लागत नाही. १८ ते ६५ वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तीला वैद्यकीय तपासणीनंतर रक्तदान करता येते; पुरुषांनी तीन महिन्यांचे आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे. उन्हाळ्याच्या सुटीत महाविद्यालये बंद असल्यामुळे रक्तपेढ्यांत टंचाई जाणवते. रक्ताचा साठा फार दिवस टिकत नाही. त्यातील बिंबिका तर सुमारे पाच दिवसच टिकतात. म्हणून जयंतीच्या दिवशी शेकडोंनी एकदम रक्त देण्यापेक्षा, एकेकाने आपल्या वाढदिवसाला, आणि शक्य तर एप्रिल-मे महिन्यांत दिलेले रक्त अधिक उपयोगी पडते. योग्य वेळ पाहून देणे हे सात्त्विक दानाचे लक्षण येथे प्रत्यक्ष दिसते.

घरात देवघराशेजारी एक डबा ठेवून त्यात रोज मूठभर धान्य किंवा एक नाणे टाकावे, आणि ते काम मुलांकडे सोपवावे. महिनाअखेरीस ते कोठे द्यावयाचे, याचा निर्णय मुलांना सोबत घेऊन करावा. ज्याला हिशेब लिहिता येतो त्याने एखाद्या लहान संस्थेचा हिशेब लिहून द्यावा. ज्याला अर्ज लिहिता येतो त्याने निराधार वृद्धेचा निवृत्तिवेतनाचा अर्ज भरून द्यावा. वापरलेले कपडे देताना ते धुऊन, बटणे लावून द्यावेत. आपण स्वतः अंगावर घालू शकणार नाही असे वस्त्र दुसऱ्यास देणे हा दानाचा नव्हे, अडगळ काढण्याचा प्रकार होय.

यात्रेस आलेल्या भाविकाने आणखी एक गोष्ट करावी. देणगी दिल्यावर पावती घ्यावी आणि त्या देणगीचा विनियोग कसा होतो, हे निःसंकोचपणे विचारावे. सार्वजनिक न्यासाचे हिशेब तपासले जाणे कायद्याने बंधनकारक आहे. प्रश्न विचारणाऱ्या भाविकामुळे प्रामाणिक संस्थेचे काम सोपे होते आणि इतरांना जाग येते. डोळे मिटून देणे ही श्रद्धेची खूण समजली जाते. परंतु डोळे देवापुढे मिटावेत, हिशेबापुढे उघडे ठेवावेत.

सारांश, दान देताना तीन प्रश्न मनाशी विचारले, तर मौन केव्हा राखावे आणि केव्हा बोलावे याचा निर्णय आपोआप होतो. मी सांगतो ते माझ्याविषयी आहे की गरजेविषयी? ज्याला दिले, त्याने हे ऐकले तर त्याची मान खाली जाईल का? आणि मी न बोलल्यामुळे कोणाचे नुकसान होईल का?

दर्शन आटोपून भाविक पायऱ्या उतरू लागतो, तेव्हा त्या कोरलेल्या नावांवर पुन्हा त्याचे पाऊल पडते. आपल्या नावावर कोणा भक्ताची पायधूळ पडावी, या नम्र भावनेने ज्याने ते नाव पायरीवर घातले, त्याचे दान थोर आहे. पेटीत दहा रुपये टाकून गर्दीत मिसळलेल्या त्या वृद्धेचे दानही थोर आहे. ती स्वतः काही बोलणार नाही, आणि तिने बोलूही नये. परंतु तिच्यासारख्यांच्या नाण्यांवर कोणाच्या ताटात अन्न पडले, कोणाचे औषधपाणी झाले, कोणते मूल शाळेत गेले, हे जो पाहतो त्याने गावी परतल्यावर चार माणसांत अवश्य सांगावे. यात्रेहून नेलेला प्रसाद शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटावयाचा असतो. ही वार्ताही त्याबरोबर वाटली जावो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.